हळदीच्या गाण्यातली मोकळी जागा

बावडा, ता. इंदापूर
३ डिसेंबर १९९६

चि. रामहरी यास,

आशीर्वाद. थोरल्या बहिणीनं पत्राच्या सुरुवातीला ते लिहायचे असतात म्हणून लिहिले. मनातून यायला अजून थोडा वेळ लागेल.

परवा तुझ्या साउंड-कॅसेटच्या दुकानात मी गिऱ्हाइकांसमोर नको ते बोलले, असं शेवंतानं निरोपात कळवलंय. बायको तुझी, ती तुझी बाजू घेणारच. पण मी नको ते बोलले नाही, हवं तेच बोलले. फक्त मोठ्यानं बोलले. आता तेच कागदावर बसून लिहिते, म्हणजे शेजारचा पानवाला तरी ऐकायला येणार नाही.

तुझी नवी कॅसेट मी पहिल्यांदा ऐकली ती म्हाळसाच्या छकुलीच्या हळदीला. मी आणि म्हाळसानं गायलेली, तिच्या नवऱ्यानं, बिरदेवनं ढोलकी वाजवलेली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या खोलीत बसून तूच भरलेली आपली 'हळद बावड्याची'. बारा वर्षं झाली, या तालुक्यात तिच्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आता तू तिच्यावर कीबोर्ड नि ऑक्टोपॅड चढवलास, नावापुढं 'रिमिक्स' लावलंस आणि कव्हरवर आमच्या दोघींच्या फोटोच्या जागी गॉगल घातलेली कुठलीशी पोरगी छापलीस. फोटोचं मला काही नाही. तसंही त्या फोटोत म्हाळसाचे डोळे मिटलेले होते.

पण गाण्याचं काय केलंस? तुला मी शिकवायला नको, तरी लिहिते. 'हळद लागली, हळद लागली, कुणाला गं बाई कुणाला' इथं आम्ही दोघी थांबतो. गाणं थांबत नाही, आम्ही थांबतो. बिरदेवचा ठेका बोटांवर चालूच असतो, आणि त्या मोकळ्या जागेत ज्या घरी लग्न आहे तिथल्या बाया आपल्या पोरीचं नाव घालतात. आमच्याकडं असलं तर आमच्या पोरीचं, बावड्यात असो नाहीतर पार नरसिंहपुरात असो, ज्याच्या त्याच्या पोरीचं. म्हणून तर एकच कॅसेट सगळ्यांना घरची वाटते.

छकुली पाटावर बसली होती. गाण्यात कुणाला कुणाला झालं, आम्ही सगळ्या बायांनी तोंडं उघडली, आणि तुझी कॅसेट पुढं पळाली! जागाच नाही. सरळ पुढचं कडवं. आम्ही कोंबड्यांसारख्या तोंडं उघडी टाकून एकमेकींकडं बघत राहिलो. पुढच्या खेपेला म्हाळसानं एकटीनं घाईघाईत 'छकुली' म्हणून बघितलं, तर तिच्या 'छ'वरच तुझा ऑक्टोपॅड कोसळला. मांडवातली पोरं फिदीफिदी हसली. म्हाळसा हळदीची वाटी खाली ठेवून आत निघून गेली रे. स्वतःच्या पोरीच्या हळदीत, स्वतःच गायलेल्या गाण्यात, तिला पोरीचं नाव घेता आलं नाही.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी एसटी धरून बारामतीला आले. विचारलं, ती जागा कुठं गेली? तर तू माझ्याकडं न बघता म्हणालास, "अक्का, तितं काईच न्हवतं. म्हणून काढून टाकलं."

काहीच नव्हतं. बारा वर्षं बायका जिथं आपल्या लेकींची नावं घेतात, तिथं काहीच नव्हतं! त्यावर मी जे बोलले ते बोलले. मागं घेणार नाही.

सिंधू


बावडा
१६ जानेवारी १९९७

चि. रामहरी,

सोबत तिळाची वडी पाठवली आहे, फुटली असेल तर पोस्टाचा दोष. गोड बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव.

तुझं कार्ड मिळालं. एवढ्याशा कार्डावर एवढा राग मावतो हे मला माहीत नव्हतं. लिहितोस की दगडाबाईनं आपल्याला काय म्हटलं होतं ते आठव. आठवायला मी विसरले कुठं? आपल्या गल्लीतली ती म्हातारी, हळदीची सगळी गाणी तिचीच. आम्ही दोघी तिच्याकडूनच शिकलो. तिचं गाणं हळद संपेपर्यंत चालायचं, जेवढ्या सवाष्णी तेवढी कडवी. तू म्हणालास कॅसेटच्या एका बाजूला एवढं बसत नाही, तेव्हा आम्ही तिची कडवी छाटली, वर बाजाची पेटी घातली. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "बाई दमली की गाणं थांबायचं. आता तुमची पट्टी संपली की थांबंल. माझी हळद डब्यात भरली गं रांडांनो!" महिनाभर ती माझ्याशी बोलली नव्हती.

तेव्हा तुझं म्हणणं असं, की पहिलं रिमिक्स मीच केलं. बरं, केलं. वकिली छान करतोस. पण सगळं सांग की. पेटीला तिनं शिव्या दिल्या, आणि मग काठी टेकत शाळेच्या खोलीत आली आणि म्हणाली, "कापा काय कापायचं ते. निदान पोरीचं नाव तरी ज्याच्या त्याच्या तोंडात ऱ्हाऊ द्या." ती जागा तिनं मागून घेतली होती. आम्ही गाणं आखूड केलं, पण घरच्यांना उंबरठा ठेवला. तू भिंत घातलीस. एवढाच फरक आहे आणि मला तो मोठा वाटतो.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर म्हणशील अक्का एकाच बाजूची कॅसेट आहे.

आमच्या प्रगतीनं तुझी कॅसेट घरात आणली. मी नको म्हटलं, मग ती गोठ्यात नेऊन ऐकायला लागली. ऐकू तर येणारच. नाचावंसं वाटतं हे खरं आहे. डाळिंबाच्या बागेत फवारणीला येणाऱ्या बायाही कंबर हलवतात. इंदापूरच्या स्टँडवर तर रसवाल्यानं दिवसभर तीच लावलेली असते. झांज मात्र फार टोचते. बांगड्या वाजतात त्या तर कानात सुई घातल्यासारख्या. तुझा कान पूर्वी किती तयार होता, ढोलकीची शाई सुकलीय हे तू ओट्यावरून सांगायचास. आता एवढं चरचरीत का करतोस कळत नाही. गिऱ्हाईक मागतं का?

पण एक गंमत झालीय. जुन्या कॅसेटमध्ये मी माईकजवळ उभी होते, माझा आवाज जाड, त्यामुळं म्हाळसाचा बारीक आवाज माझ्याखाली दबला होता. लोक मलाच म्हणायचे, सिंधूबाईंनी काय गायलंय! तुझ्या चरचरीतपणात तिचा आवाज वर आलाय. पहिल्यांदाच कळलं की तिसऱ्या कडव्यात ती माझ्या वरची पट्टी घेते आणि अशी वळवून खाली आणते की काय सांगू. मी तिला ऐकायला बोलावलं. नवी कॅसेट नको म्हणून हटून बसलेली बाई ऐकता ऐकता पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, "सिंधूबाई, मी बी हाय की गं हितं!"

आता ती उलटलीय. म्हणते रामहरीनं बरं केलं, जागेचं तेवढं चुकलं. मी म्हणते जागेचं चुकलं म्हणजे सगळंच चुकलं. बिरदेव म्हणतो दोघींनी गप बसा. त्याची ढोलकी तर पार ऑक्टोपॅडखाली गाडली गेलीय, पण त्या माणसाला कधी तक्रार म्हणून माहीत नाही.

उत्तर पाठव. कार्ड नको, चांगलं पत्र पाठव.

सिंधू


बावडा
२० मार्च १९९७

चि. रामहरी,

प्रगतीचं लग्न ठरलं. मुलगा बारामतीचा, एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला आहे. मोटारसायकलवरून बघायला आला आणि धुरळ्यानं पांढरा होऊन दारात उभा राहिला, ते पाहून तुझे दाजी म्हणाले, दुधातलाच दिसतोय. मे महिन्यातली तारीख धरली आहे.

ही बातमी तुला पत्रानं कळायला नको होती. स्टँडजवळच्या बूथवरून मी स्वतः तुझ्या शेजारच्या दुकानात फोन केला. तू आलास. मी म्हटलं, "रामहरी, आपल्या प्रगतीचं जमलं!" तू म्हणालास, "व्हय व्हय, बघू मग," आणि ठेवून दिलास. मी पुन्हा केला. पुन्हा तेच, "व्हय, बघू." बूथवाला माझ्याकडं बघत होता. भाचीचं लग्न म्हणजे काय ट्रॅक्टरचा सुटा भाग आहे, बघू म्हणायला?

मग मानाचं आमंत्रण घेऊन तुझ्या दाजींना पाठवलं. ते येऊन म्हणाले, "त्यो टीव्ही मोट्ठा लावून बसला हुता. मी बोलत ऱ्हायलो, त्यो मान हलवत ऱ्हायला. येतो म्हणाला न्हाय, न्हाय येत असंबी म्हणाला न्हाय." त्यांना फार लागलं. मला त्यांच्यापेक्षा जास्त लागलं, कारण त्यांच्यासमोर तुझी बाजू मलाच घ्यावी लागते. आपलेच दात नि आपलेच ओठ.

रामहरी, कॅसेटचं भांडण कॅसेटचं. प्रगतीनं तुझं काय बिघडवलं? नवरीला मामानं बोहल्यावर आणायचं आणि अष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे तुला मी सांगायचं का? दाजी म्हणतात चुलतभाऊ दादासो उभा राहील, तोही मामाच. मी नाही म्हटलं. सख्खा मामा जिवंत असताना चुलत उभा केला तर मांडवातला प्रत्येक माणूस तुझं काय झालं म्हणून विचारील, आणि मी काय सांगू? गाण्यावरून बोलेनासा झाला म्हणून सांगू?

प्रगतीनं मला निक्षून सांगितलंय, हळदीला मामाचीच कॅसेट लावायची. म्हणाली, "आई, तुझं गाणं ऐकलं की बाया रडत्यात. मला माझ्या हळदीला रडायचं न्हाय." पोरीच्या म्हणण्यातही काही आहे. आम्ही रडायला सांगितलं नव्हतं कुणाला, पण रडतात खऱ्या.

म्हणजे तू जिंकलास असं समज. लावते तुझी कॅसेट. तू ये. तुझं गाणं मला आवडत नाही, आणि तू नसलास तर मला माझ्या पोरीचं लग्नही आवडणार नाही.

तुझी अक्का


बावडा
२७ मे १९९७

प्रिय रामहरी,

चिरंजीव लिहायला आज हात वळला नाही.

लग्नाच्या गडबडीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही, आणि जे बोलायचं होतं ते बोलून उपयोगही नव्हता हे मला उशिरा कळलं. म्हणून लिहिते. हे पत्र शेवंताला दाखवलंस तरी चालेल, बाकी कुणाला दाखवू नकोस.

तू लग्नादिवशी सकाळी आलास, त्यामुळं आदल्या दिवशीची हळद तुझी चुकली. तुझीच कॅसेट लावली होती. पोरी अशा नाचल्या की मांडवाचा एक खांब हलला. नाव घालायची वेळ आली, जागा नव्हतीच, तर म्हाळसानं काय करावं? जागेची वाट न बघता, कीबोर्ड चालू, ऑक्टोपॅड चालू, मनात येईल तिथं ती बोंबलली, "प्रगती नवरीला!" मग सगळ्याच बाया सुटल्या. ताल नाही, सूर नाही, गाण्याच्या उरावर बसून नाव घालत होत्या. मी कपाळाला हात लावला आणि मग मीही ओरडले. ती रात्र मला आवडली, हे आज कबूल करते. पण ती तुझ्या गाण्यामुळं नव्हे, गाण्याला न जुमानल्यामुळं.

दुसऱ्या दिवशी तू जीपमधून उतरलास तेव्हा मी तुझ्या उजव्या अंगाला, अगदी दोन हातांवर उभी होते. हाक मारली. तू फेटा बांधत राहिलास. पुन्हा मारली, तू समोरच्या माणसाला नमस्कार केलास आणि पुढं गेलास. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, पोरीसाठी आला, बहिणीला ओळख नाही दाखवायची असं ठरवूनच आला.

तू प्रगतीला हाताला धरून आणलंस, तिच्या पाठीशी उभा राहिलास. मी समोरून तुझ्याकडं बघत होते, रागानंच बघत होते. दर अष्टकेला सगळे अक्षता टाकायचे आणि मग तू टाकायचास. प्रत्येक वेळी लोकांच्या हाताकडं बघून. शेवटचं सावधान झालं, वाजंत्री वाजली, अंतरपाट खाली गेला, आणि तू तसाच मूठ मिटून उभा. प्रगतीनं मागं वळून तुझ्याकडं बघितलं तेव्हा तू दचकून अक्षता टाकल्यास. एवढ्या जवळ ताशा कडाडत होता, रामहरी.

मी शेवंताला आचाऱ्याच्या मांडवामागं नेलं. मी विचारलं तशी ती रडायलाच लागली. "वन्सं, उजवा कान गेलाच हाय. डावाबी चाललाय. डाक्टर म्हणला, जन्मभर कर्ण्याच्या तोंडाशी बसल्यावर दुसरं काय हुनार? बारीक आवाज तर कवाच गेलं त्यांचं. कुणाला सांगू नगा. साउंडवाल्यालाच ऐकू येत न्हाय म्हटल्यावर त्येला बोलवील कोन?"

मग सगळं एकामागून एक माझ्या डोक्यात पडत गेलं. फोनवरचं तुझं व्हय व्हय. तो मोठा लावलेला टीव्ही. ती टोचणारी झांज, कारण तुला ती तेवढी वर घेतल्याशिवाय ऐकूच येत नसेल. आणि दुकानातलं ते बोलणं, तिथं काहीच नव्हतं. मी ते उद्धटपणाचं धरून बसले, आणि तू बिचारा खरं सांगत होतास. तुझ्या कानाला तिथं खरंच काही नव्हतं. जागा तुला ठाऊक होती, पण बिरदेवचा ठेकासुद्धा ऐकू येईना म्हटल्यावर टेप तिथं खराब झालीय असंच तुला वाटलं असणार.

तुझे दाजी, म्हाळसा, प्रगती, कुणालाही मी सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. पण माझ्यापासून का लपवलंस? मी भांडले असते, एवढंच ना. भांडून झाल्यावर मीच आले असते की नाही?

आता हेही ऐक, म्हणजे वाच. दया येऊन मी तुझ्या कॅसेटला चांगली म्हणणार नाही. झांज टोचते ती टोचतेच. म्हाळसाचा आवाज वर आला ते चांगलं झालं, मग ते तुझ्या कानाच्या दुखण्यानं का होईना. आणि जागा गेली ते वाईटच झालं.

काल पाहुणे पांगल्यावर मी जुनी कॅसेट काढली. तिथं नेमकं काय आहे ते तुला लिहून कळवावं म्हणून स्पीकरला कान लावून बसले. बाया नाव घालतात त्या गोंधळात ती जागा मी कधी मोकळी ऐकलीच नव्हती. बिरदेवची बोटं आहेत, ती तर माहीतच होती. लांब कुणाचं तरी करडू ओरडतंय. म्हाळसाच्या बांगड्या किणकिणतात. आणि त्यानंतर, अगदी हळू, माईकच्या मागून एका पोरसवदा गड्याचा आवाज येतो: "अक्का, नाव."

तो तू आहेस. आम्ही पुढं गाऊन टाकू नये म्हणून तू मशीनपाशी बसून आम्हाला आठवण देत होतास. दर कडव्याला देतोस. एवढ्या लग्नांत ती कॅसेट वाजली, ते कुणीच ऐकलं नाही, मीसुद्धा नाही. आणि तू कापून टाकलंस तेव्हा त्यात तूही गेलास. मी ते पुन्हा पुन्हा मागं नेऊन ऐकलं. तुझा तेव्हाचा आवाज फार गोड होता रे.

सोमवारी सकाळच्या गाडीनं मी येते. दुकानात गिऱ्हाईक असलं तर मी बाकावर बसून राहीन, चहा पाज. गिऱ्हाईक गेलं की दार लावून घे आणि मशीन चालू कर. ही कॅसेट आपण पुन्हा करायची. कीबोर्ड ठेव, पोरींना नाचायला लागतो. झांज कुठवर खाली घ्यायची ते मी हातानं दाखवीन. म्हाळसाला आहे तिथंच वर राहू दे, मला काही वाटणार नाही. थोडं वाटेल, पण चालेल.

जागा आली की मी तुझ्या पाठीवर बोटांनी बिरदेवचा ठेका धरीन. तो चालू आहे तोवर तू काही वाजवू नकोस. आणि मग, रामहरी, तू पुन्हा म्हण, "अक्का, नाव." या खेपेला मोठ्यानं म्हण.

तुझी अक्का